फटफटीचा वेग : धावण्याचा आणि थांबण्याचा



चार मोटारसायकलवाले एका ठिकाणी जमले, म्हणजे गोष्टी पीकपाण्यावरून निघून हळूहळू गाडीवर येतात आणि गाडीवरून वेगावर येतात. येडशीचा फाटा घ्या, नळदुर्गचे बसस्थानक घ्या, नाही तर उमरग्याचे एखादे चहाचे हॉटेल घ्या. बोलणे सगळीकडे सारखेच. एक जण म्हणतो, "परवा तुळजापूरहून येताना एकशेदहा लावला." लगेच दुसरा म्हणतो, "एकशेदहाचं काय घेऊन बसलास राव! माझ्या गाडीनं एकशेवीस दाखवलंय, आन् तेबी डबलसीट." शेजारी एखादे वडीलधारे बसलेले असतात. तेही राहवत नाही म्हणून सांगतात, "पोरांनो, आमच्या वेळची राजदूत साडेतीनशे तुम्ही पाहिली नाही. ती १९८३ साली आली, तेव्हा तिच्या मागं धूळच दिसायची." मग आकडे चढत जातात. चहा संपतो, पण आकडे काही उतरत नाहीत.

या गप्पांना हसण्याचे कारण नाही. वेगाची हौस माणसाला फार जुनी आहे. घोड्यांच्या आणि बैलांच्या शर्यती आपल्या आजोबा-पणजोबांनीही लावल्या. फरक इतकाच, की बैलांच्या शर्यतीत निदान एक रेघ आखलेली असते, पंच असतो, आणि रस्ता मोकळा केलेला असतो. हॉटेलातल्या आकड्याला ना रेघ, ना पंच. तेव्हा आज आपण या आकड्याचीच थोडी उलटतपासणी करू. तीन प्रश्न विचारू. सांगितलेला वेग खरा असतो का? गाडी त्याच्या पुढे का जात नाही? आणि तिसरा प्रश्न, जो सहसा कोणी विचारत नाही : त्या वेगातून थांबायला रस्ता किती लागतो?

आधी मीटरची गोष्ट. गाडीचा वेग दाखवणारे जे यंत्र हँडलपाशी बसवलेले असते, त्याला रस्ता दिसत नाही. त्याला फक्त चाकाचे फेरे कळतात. जुन्या गाड्यांत पुढच्या चाकापासून एक पीळदार तार मीटरपर्यंत गेलेली असे. चाक फिरले की तार फिरे, तारेच्या टोकाचा लोहचुंबक फिरे, आणि त्याच्या ओढीने वरची हलकी धातूची वाटी थोडी वळून काटा पुढे सरके. वाटीला मागे खेचायला एक बारीक स्प्रिंग असे. नव्या गाड्यांत तारेच्या जागी विजेचा संवेदक आला. तो फेरे मोजतो आणि आकडा लिहून दाखवतो. पण तत्त्व एकच : फेरे गुणिले चाकाचा घेर. ज्या गाड्यांत हे मोजमाप मागच्या चाकावरून घेतात, ती गाडी मधल्या स्टँडवर उभी करून चाक पळवले, तर जागेवर उभी असलेली गाडीही ताशी ऐंशी दाखवील!

यावरून दोन गोष्टी ध्यानात येतात. पहिली ही, की टायर बदलला, झिजला किंवा त्यात हवा कमी राहिली, तर घेर बदलतो आणि आकड्यात फरक पडतो. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. कारखानदार मीटर मुद्दामच थोडा पुढे धावणारा ठेवतात. युरोपातील देशांनी मान्य केलेल्या नियमाप्रमाणे मीटरने खऱ्या वेगापेक्षा कमी वेग कधीच दाखवता कामा नये. मात्र खऱ्या वेगाच्या दहाव्या भागाइतका, आणि वर आणखी काही किलोमीटर, जास्त दाखवला तर चालतो. हेतू चांगला आहे. चालकाला आपण आहोत त्यापेक्षा थोडे जोरात आहोत असे वाटावे आणि त्याने हात आवरता घ्यावा. त्यामुळे मीटरवर एकशेदहा दिसत असताना गाडी प्रत्यक्षात शंभरच्या आसपासच धावत असण्याचा पुष्कळ संभव असतो. त्यात बालाघाटचा उतार असला, पाठीमागून वारा असला, आणि माणूस टाकीवर ओणवा झालेला असला, तर आणखी पाच-दहा किलोमीटर फुकट मिळतात. मग एकाचे एकशेदहा आणि दुसऱ्याचे एकशेवीस यांची तुलना ती काय करायची? एकाने पायलीने मोजले, दुसऱ्याने किलोने, असा तो प्रकार आहे.

खरा वेग काढण्याची एक साधी रीत आहे, आणि ती प्राथमिक शाळेतल्या मुलालाही जमते. महामार्गाच्या कडेला दर किलोमीटरला दगड असतो. एका दगडापासून दुसऱ्या दगडापर्यंत किती सेकंद लागले ते घड्याळावर मोजावे, आणि ३,६०० ला त्या सेकंदांनी भागावे. ९० सेकंद लागले तर वेग ताशी ४० किलोमीटर; ७२ लागले तर ५०; ६० लागले तर ६०; ४५ लागले तर ८०. हा प्रयोग गाडी चालवणाऱ्याने करावयाचा नाही. एस.टी.त खिडकीशी बसून करावा. सोलापूर–धुळे रस्त्यावर तुळजापूर, धाराशीव, येडशी, येरमाळा अशा प्रवासात दगड पुष्कळ भेटतात आणि वेळही बरा जातो.

ही रीत क्षुल्लक समजू नये. मोटारसायकलच्या इतिहासातला एक फार गाजलेला वेग असाच घड्याळावर मोजला गेला. अमेरिकेत ग्लेन कर्टिस नावाचा एक कारागीर होता. पुढे तो विमाने बनवण्याबद्दल प्रसिद्ध झाला. त्याने आठ सिलिंडरचे इंजिन एका मोटारसायकलवर चढवले आणि १९०७ च्या जानेवारीत फ्लोरिडातील ऑर्मंड बीच या समुद्रकिनाऱ्यावर ती पळवली. एक मैल अंतर त्याने २६.४ सेकंदांत कापले. ३,६०० ला २६.४ ने भागा. ताशी १३६ मैल, म्हणजे सुमारे २१९ किलोमीटर हा वेग निघतो. परंतु परतीची धाव होण्याआधीच गाडी मोडली, म्हणून अधिकृत विक्रमांत त्याची नोंद झाली नाही.

परतीची धाव कशासाठी, असे कोणी विचारील. कारण हे, की जाताना वारा पाठीशी असेल तर येताना तो तोंडावर येतो. जाताना उतार असेल तर येताना चढ लागतो. दोन्हींची सरासरी काढली म्हणजे वाऱ्याचे आणि उताराचे फुकटचे माप वजा होते. म्हणून वेगाचे जागतिक विक्रम दोन्ही दिशांच्या सरासरीनेच धरले जातात. रॉकी रॉबिन्सन या अमेरिकन चालकाने २५ सप्टेंबर २०१० रोजी बंदिस्त बांधणीच्या खास मोटारसायकलवर ताशी ६०५ किलोमीटरहून अधिक वेग गाठला, तोही असाच दोन धावांच्या सरासरीचा आहे. ही धाव अमेरिकेतील बॉनव्हिल येथे झाली. ते मिठाचे सपाट मैदान आहे. मैलन् मैल ना झाड, ना वळण, ना माणूस. ही गोष्ट ध्यानात ठेवावी. तिच्याकडे आपल्याला पुन्हा यायचे आहे.

आता दुसरा प्रश्न. गाडी एका मर्यादेपुढे का जात नाही? पुष्कळांना वाटते, की इंजिनात दम नाही. ते अर्धेच खरे आहे. अडवणारा खरा गडी म्हणजे हवा. हवा आपल्याला दिसत नाही, म्हणून ती काही नाही असे वाटते. पण वेग दुप्पट केला की हवेचा विरोध चौपट होतो. आणि तो विरोध दुप्पट वेगाने ढकलत न्यायचा, म्हणून इंजिनाला लागणारी शक्ती आठपट होते. ताशी ६० ने जाताना हवेशी झुंजायला जेवढी शक्ती लागते, तिच्या आठपट ताशी १२० ला हवी. म्हणून शंभर सी.सी.ची गाडी नव्वदच्या आसपास गेली की कितीही कान पिळला तरी ओरडते फक्त, पुढे जात नाही. पेट्रोल मात्र जास्त पिते.

हवेचे हे बळ १३ सप्टेंबर १९४८ रोजी बॉनव्हिलच्या त्याच मैदानावर मोठ्या गमतीदार रीतीने दिसून आले. रोली फ्री हा चालक व्हिन्सेंट कंपनीच्या गाडीवर ताशी १५० मैलांचा आकडा ओलांडू पाहत होता. थोडक्यात हुकत होते. त्याने अंगावरचा वाऱ्याने फडफडणारा कातडी पोशाख काढून टाकला, नुसत्या पोहण्याच्या चड्डीवर गाडीवर पालथा पडला, पाय मागे लांब केले, आणि ताशी १५० मैलांचा, म्हणजे सुमारे २४२ किलोमीटरचा आकडा पार केला. इंजिन तेच, माणूस तोच. फक्त वारा अडवणारी जागा कमी केली. त्याचे ते छायाचित्र जगभर गाजले. आपल्या काही तरुणांनी हाच आडवे पडण्याचा प्रकार हमरस्त्यावर सुरू केला आहे. पण फ्रीच्या पुढे कोरे मैदान होते. हमरस्त्यावर आडवा पडलेला माणूस नीट पुढे पाहू शकत नाही आणि ब्रेकही वेळेवर दाबू शकत नाही.

येथे तिसरा प्रश्न आला, आणि आजच्या भाषणाचा मुख्य मुद्दाही हाच आहे. वेग किती गाठला हे गाडीचे बळ झाले. किती अंतरात थांबलो हे चालकाचे शहाणपण. पहिला आकडा सगळे सांगतात, दुसरा कोणालाच ठाऊक नसतो.

थांबण्याचे दोन भाग असतात. समोर काही आले, ते डोळ्यांनी पाहिले, मनाला उमगले, आणि मग हाताने व पायाने ब्रेक दाबला. यात जागरूक माणसाचाही साधारण एक सेकंद जातो. त्या एका सेकंदात गाडी पूर्ण वेगाने पुढे जातच असते. ताशी ७२ किलोमीटर वेग असेल तर एका सेकंदात २० मीटर. म्हणजे क्रिकेटची अख्खी खेळपट्टी, ब्रेकला हात लागण्यापूर्वीच संपली. ब्रेक लागल्यावर दुसरा भाग सुरू होतो. कोरड्या, चांगल्या डांबरी रस्त्यावर सर्वसाधारण चालक गाडीचा वेग दर सेकंदाला ताशी १८ किलोमीटरने कमी करू शकतो, असे धरून हिशेब केला, तर थांबण्यास लागणारे एकूण अंतर असे येते :

ताशी ४० किलोमीटरला सुमारे २३ मीटर.
ताशी ६० ला सुमारे ४५ मीटर.
ताशी ८० ला सुमारे ७२ मीटर.
ताशी १०० ला सुमारे १०५ मीटर.
ताशी १२० ला सुमारे १४४ मीटर.

हे आकडे नीट पाहा. चाळीसचा वेग तिप्पट होऊन एकशेवीस झाला; पण थांबण्याचे अंतर सहापटीहून अधिक झाले. याचे कारण, ब्रेकला जी ऊर्जा जिरवायची असते ती वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते. वेग दुप्पट तर ऊर्जा चौपट, वेग तिप्पट तर ऊर्जा नऊपट. आणि हा हिशेब कोरड्या रस्त्याचा, नीट ब्रेकच्या गाडीचा. पाऊस पडलेला असला, रस्त्यावर बारीक खडी किंवा वाळू पसरलेली असली, टायर गुळगुळीत झालेला असला, तर हे अंतर पुष्कळ वाढते.

आता एक उदाहरण घेऊ. दोन मित्र शेजारी शेजारी चालले आहेत. एक साठने, दुसरा ऐंशीने. पुढे ४५ मीटरवर एकाएकी म्हैस आडवी आली. दोघांनी एकाच क्षणी ती पाहिली, एकाच क्षणी ब्रेक दाबले. साठचा गडी म्हशीच्या अगदी जवळ जाऊन थांबला. आता ऐंशीवाला त्या जागी पोहोचला, तेव्हा त्याचा वेग किती उरला असेल? कोणी म्हणेल वीस, कारण फरक वीसचा होता. हिशेब तसे सांगत नाही. त्या जागी त्याची गाडी अजून ताशी ५९ किलोमीटरने धावत असते! पहिल्या २२ मीटरांत त्याचा ब्रेकच लागलेला नव्हता, आणि उरलेल्या २३ मीटरांत एवढाच वेग कमी झाला. एक मित्र घरी जाऊन ही हकिगत सांगतो. दुसऱ्याची हकिगत इतरांना सांगावी लागते.

ताशी साठने आदळणे म्हणजे काय, हे आपल्या भागातल्या माणसाला विहिरीच्या भाषेत लगेच कळेल. सुमारे ४६ फूट खोल कोरड्या विहिरीत पडणारा माणूस तळाला पोहोचतो तेव्हा त्याचा वेग ताशी साठ किलोमीटर असतो. ताशी चाळीसची विहीर २१ फुटांची, ऐंशीची ८३ फुटांची, आणि शंभरची जवळजवळ १३० फुटांची. कोरड्या विहिरीच्या काठावर आपण लहान मुलाला उभे राहू देत नाही. पण तोच मुलगा सतरा वर्षांचा झाला, की गाडीची किल्ली त्याच्या हातात देतो.

याला जोड रात्रीची. दिव्याच्या जवळच्या झोतात बहुतेक मोटारसायकलींपुढे चाळीस-पन्नास मीटरच्या पलीकडचे नीट दिसत नाही. ऐंशीने थांबायला ७२ मीटर लागतात हे आपण पाहिले. म्हणजे रात्री ऐंशीने जाणारा माणूस, दिसलेल्या रस्त्याच्या पलीकडचे वीस-पंचवीस मीटर नुसत्या नशिबावर चालवत असतो. त्या वीस-पंचवीस मीटरांत आपल्या जिल्ह्यात काय काय असू शकते, ते आठवा. उसाच्या हंगामात कारखान्याकडे निघालेले ट्रॅक्टर आणि त्यामागच्या ट्रॉल्या. ऊस बाहेर लोंबतो आहे, मागे तांबडा दिवा नाही, परावर्तक पट्टी चिखलाने झाकलेली. ऊसतोड कामगारांच्या बैलगाड्या. काळी म्हैस तर काळ्या डांबरावर दिसतच नाही. नवरात्रात आणि कोजागरीच्या सुमारास तुळजापूरला पायी निघालेले भाविक रात्रभर रस्त्याच्या कडेने चालत असतात. चैत्री पौर्णिमेला येरमाळ्याला येडेश्वरीच्या यात्रेला जाणारी माणसे, पोराबाळांसह. पुणे–हैदराबाद रस्त्यावर दुभाजकातून वाट काढून पलीकडे शेतात जाणारा शेतकरी. बॉनव्हिलच्या मैदानावर यांतले काहीच नव्हते. वेगाचा विक्रम करणाऱ्यांनी आधी रिकामी जागा शोधली आणि मग वेग केला. आपला रस्ता हा रिकामी जागा नव्हे. ते आपल्या सगळ्यांचे अंगण आहे.

कोणी म्हणेल, "सर, वेळ वाचतो ना!" तोही हिशेब करू. धाराशीव ते तुळजापूर अंतर सोयीसाठी २४ किलोमीटर धरू. साठने गेलो तर २४ मिनिटे. ऐंशीने गेलो तर १८. शंभरने गेलो तर चौदा मिनिटांहून थोडी अधिक. म्हणजे साठवरून ऐंशीवर गेल्याने सहा मिनिटे वाचली, आणि ऐंशीवरून शंभरवर गेल्याने चारही नाहीत. वेग जितका वाढवावा तितकी वाचणारी मिनिटे कमी होत जातात, आणि थांबण्याचे अंतर मात्र वाढत जाते. असा तोट्याचा व्यवहार आपण बाजारात कधी करणार नाही.

हा तोटा देशाच्या हिशेबात किती मोठा आहे, ते सरकारी अहवालात नोंदलेले आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या २०२२ सालच्या अहवालाप्रमाणे त्या एका वर्षात भारतात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे दगावली. त्यांपैकी शंभरातली चव्वेचाळीस-पंचेचाळीस दुचाकीवरची होती. आणि एकूण मृत्यूंपैकी शंभरातल्या ७१ मृत्यूंचे कारण अतिवेग असे नोंदले गेले. हेल्मेट नसलेली पन्नास हजारांहून अधिक माणसे त्या वर्षी मेली. ही संख्या वाचून मन बधिर होते. पण खेड्यात ती संख्या म्हणून येत नाही. ती एका घरी येते. बहुधा कर्त्या मुलाच्या रूपाने. मग दूध डेअरीला कोण नेणार, बँकेचा हप्ता कोण भरणार, आणि दवाखान्याच्या खर्चासाठी कोणते रान गहाण टाकायचे, हे प्रश्न सुरू होतात.

तेव्हा करायचे काय? गाडी सोडून द्या असे कोणी म्हणणार नाही. आज खेड्यात मोटारसायकल ही बैलगाडीइतकीच संसाराची वस्तू झाली आहे. खताची पोती, दुधाच्या किटल्या, आजारी माणूस, परीक्षेला निघालेली मुलगी, सगळे तिच्यावरूनच जाते. म्हणून ती नीट वापरण्याच्या चार गोष्टी सांगतो.

पहिली, पुढच्या ब्रेकची भीती सोडा. "पुढचा ब्रेक दाबला की गाडी उलटते" असे आपल्याकडे सर्रास सांगतात, आणि पुष्कळ लोक जन्मभर मागच्याच ब्रेकवर गाडी चालवतात. ब्रेक लागला की गाडीचा भार पुढच्या चाकावर येतो, त्यामुळे रस्त्याला घट्ट पकडण्याची ताकद पुढच्याच चाकात जास्त असते. दोन्ही ब्रेक एकदम लावावेत; पुढचा झटका न देता, लिंबू पिळल्यासारखा वाढत्या दाबाने. मात्र वाळूत, चिखलात आणि वळणावर तो फार जपून वापरावा. एप्रिल २०१९ पासून १२५ सी.सी.वरील नव्या गाड्यांना चाक जाम होऊ न देणारी ए.बी.एस. ही योजना सक्तीची झाली, आणि त्याखालच्या गाड्यांना निदान दोन्ही ब्रेक एकत्र लावणारी योजना. परंतु आपल्या गावात जुन्या गाड्या पुष्कळ आहेत, आणि त्यांचा ब्रेक म्हणजे चालकाचा हात.

दुसरी गोष्ट हेल्मेट. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्याप्रमाणे हेल्मेट नीट घातल्याने डोक्याला इजा होण्याचा धोका सुमारे ७० टक्क्यांनी आणि मृत्यूचा धोका सुमारे ४० टक्क्यांनी कमी होतो. "नीट घातल्याने" या शब्दांवर जोर आहे. आय.एस.आय. खूण असलेले हवे आणि हनुवटीखाली पट्टा लावलेला हवा. आरशाला अडकवलेले हेल्मेट आरशाचेच रक्षण करते.

तिसरी गोष्ट कायद्याची. केंद्र सरकारने एप्रिल २०१८ मध्ये काढलेल्या अधिसूचनेप्रमाणे मोटारसायकलला दुभाजक असलेल्या चौपदरी महामार्गावर ताशी ८० किलोमीटर आणि इतर रस्त्यांवर ६० किलोमीटर ही कमाल मर्यादा आहे. ही मर्यादा झाली. एवढा वेग केलाच पाहिजे असा हुकूम नव्हे. रस्त्यावर शर्यत लावणे हा मोटार वाहन कायद्याच्या १८९ व्या कलमाखाली गुन्हा आहे. आणि अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर १९९ अ या कलमाखाली पालकाला अगर गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो. आईबापांनी हे ऐकून ठेवावे.

चौथी गोष्ट, ज्याला वेगाचीच खरी ओढ आहे अशा तरुणासाठी. त्याची ओढ मारू नये, तिला जागा द्यावी. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टै येथे आणि कोइमतूरजवळ कारी स्पीडवे येथे शर्यतीचे बांधीव मार्ग आहेत. तेथे वळणाबाहेर मोकळी जागा असते, अंगावर जाड पोशाख असतो, रुग्णवाहिका तयार उभी असते, आणि समोरून कोणी येत नाही. २०२३ साली इटलीत मुजेल्लो येथे ब्रॅड बाइंडर या शर्यतपटूने ताशी ३६६ किलोमीटर वेग गाठला, तो अशाच बंद मार्गावर. ज्यांचा हा धंदा आहे ती माणसे रहदारीच्या रस्त्यावर वेगाची परीक्षा घेत नाहीत, यातच सगळे आले.

शेवटी शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एक विनंती. हा विषय फळ्यावर शिकवण्यापेक्षा मैदानावर शिकवावा. आधी वर्गात तीस सेंटिमीटरची पट्टी घ्या. एकाने ती वरून उभी धरावी, दुसऱ्याने खालच्या टोकाशी चिमूट उघडी ठेवावी. पहिल्याने न सांगता पट्टी सोडावी, दुसऱ्याने पकडावी. वीस सेंटिमीटरवर पकडली तर एका सेकंदाचा पाचवा भाग गेला असे समजावे. लक्ष एकवटलेले, चिमूट तयार, तरीही इतका वेळ गेला! मग रस्त्यावर, मन दुसरीकडे असताना, एक सेकंद का धरला ते मुलांना आपोआप कळेल.

नंतर मैदानावर किंवा गावाबाहेरच्या मोकळ्या वाटेवर एक रेघ आखा. तेथून २३, ४५, ७२, १०५ आणि १४४ मीटरवर काठ्या रोवा आणि प्रत्येकीवर वेगाचा आकडा लिहा. रेघेवरून पहिल्या काठीपर्यंत मुले हसत जातील. शेवटच्या काठीपर्यंत चालताना बराच वेळ लागेल, आणि मागे वळून पाहिल्यावर रेघेवर उभे असलेले गुरुजी लहान दिसतील. त्या दिवशी मुलांच्या वडिलांना, काकांना, थोरल्या भावांनाही बोलवावे आणि रेघेपासून शेवटच्या काठीपर्यंत एकदा पायी चालायला लावावे. गाडीवर डोळ्याचे पाते लवते न लवते तोच संपणारे ते अंतर पायाखाली मोजल्यावर, पुढे कोणी एकशेवीसचा आकडा सांगितला, की त्या घरातले पोर लगेच विचारील, "काका, मग थांबला कुठं?"